चार्टरचा कोटा आणि मास्तरांचे गुण : न्यूयॉर्कच्या २०१० च्या जोडकायद्याची गोष्ट

शाईची_दौत

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब आहे. त्यांची लेक सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल. गेल्या रविवारी पोहे खाता खाता वहिनींनी विचारलं, "तुम्ही शाळेतच शिकवता, तर सांगा, चार्टरच्या सोडतीत नाव टाकू का?" मी वीस मिनिटं बोलले. वर आल्यावर लक्षात आलं, उत्तर दिलंच नाही, नुसतं रडगाणं गायलं. म्हणून हा धागा.

मी न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समधल्या एका सरकारी शाळेत २००६ पासून चौथीला शिकवते. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चार्टर म्हणजे आपल्याकडची विनाअनुदानित शाळा नव्हे. फी शून्य. पैसा सरकारचा, चालवणारं मंडळ स्वतंत्र, आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा करार. निकाल दाखवा, नाहीतर करार पुढे चालू राहणार नाही. त्या बदल्यात बऱ्याच नियमांतून सूट. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. गंमत अशी की ही कल्पना १९८८ मध्ये देशभर नेली ती अल्बर्ट शँकर यांनी, म्हणजे शिक्षक संघटनेच्या अध्यक्षांनीच! शिक्षकांनी आपल्या हिमतीवर नवे प्रयोग करून बघावेत, असं त्यांच्या डोक्यात होतं. पुढे त्या कल्पनेचं जे झालं ते बघून त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवली.

न्यूयॉर्कने १९९८ मध्ये कायदा केला, तेव्हा मर्यादा १०० शाळांची होती. २००७ मध्ये ती २०० झाली. इथपर्यंत शिक्षकांच्या गुणांचा आणि चार्टरचा काही संबंध नव्हता. तो जुळवला मंदीने.

२००९ मध्ये राज्यांच्या तिजोऱ्यांत खडखडाट होता आणि ओबामा सरकारने ४३५ कोटी डॉलरची 'रेस टु द टॉप' नावाची स्पर्धा काढली. राज्यांनीच परीक्षा द्यायची, पेपर ५०० गुणांचा. चार्टरला पोषक वातावरण असेल तर ४० गुण. मुलांच्या प्रगतीवरून शिक्षक-मुख्याध्यापकांचं मूल्यमापन केलं तर ५८. आणि परीक्षेला बसायचीच एक अट होती : मुलांचे गुण शिक्षकाच्या मूल्यमापनाला जोडायला राज्याच्या कायद्यात आडकाठी नको. कॅलिफोर्नियाने त्यासाठी घाईघाईने कायदा बदलला. आमच्याकडे २००८ मध्येच उलटा कायदा झाला होता : शिक्षकाला कायम करताना मुलांचे गुण बघायचे नाहीत.

पहिल्या फेरीत अंतिम १६ राज्यांत न्यूयॉर्कचा नंबर १५ वा. दुसऱ्या फेरीची मुदत १ जून २०१०. त्याआधीच्या शुक्रवारी, २८ मेला, मेमोरियल डेच्या सुट्टीच्या तोंडावर राज्याच्या राजधानीत, अल्बनीत, दोन्ही कायदे झाले. एकाने चार्टरची मर्यादा २०० वरून ४६० वर नेली, दुसऱ्याने आम्हाला १०० पैकी गुण द्यायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये राज्याला सुमारे ७० कोटी डॉलर मिळाले. संघटनेला चार्टर नको होत्या, चार्टरवाल्यांना शिक्षकांच्या गुणांशी फारसं देणंघेणं नव्हतं, पण पैशाच्या बोहल्यावर दोघांना उभं केलं आणि अक्षता टाकल्या.

आमचे गुण तेव्हा असे असायचे : २० राज्याच्या परीक्षेतल्या मुलांच्या प्रगतीवर, २० स्थानिक चाचण्यांवर, ६० वर्गनिरीक्षण वगैरेवर. ६५ च्या खाली 'अपरिणामकारक'. लागोपाठ दोन वर्षं तो शिक्का बसला की नोकरीवरून काढण्याची जलद सुनावणी.

आता माझं. २०१३-१४ मध्ये त्या पहिल्या २० पैकी मला १५ मिळाले. पुढच्या वर्षी ८. तीच खोली, तेच पुस्तक, तीच मी. माझ्या मते बदललं एवढंच, की दुसऱ्या वर्षी वर्गात सहा मुलं अशी होती जी तिसरीतच वरच्या टोकाला होती. आधीच छताला डोकं टेकलेलं मूल आणखी किती वाढणार? १७ पर्यंत 'परिणामकारक' आणि ८ ला 'विकसनशील'. एकूण गुण चांगले होते, माझं काही बिघडलं नाही. पण त्या उन्हाळ्यात मी 'विकसनशील' हा शब्द मनातल्या मनात किती वेळा उच्चारला ते माझं मलाच माहीत. आपला देश आठवायचा आणि हसू यायचं.

त्याआधीचा किस्सा आणखी वाईट. फेब्रुवारी २०१२ मध्ये शहराच्या जुन्या पद्धतीतले सुमारे १८,००० शिक्षकांचे क्रमांक, नावांसकट, वर्तमानपत्रांत आले. माझ्या नावापुढे ४१ वा शतमानांक, म्हणजे शंभरातल्या ४१ जणांच्या वर, आणि शेजारी बारीक अक्षरांत : खरा आकडा १२ ते ७३ च्या मध्ये कुठेही असू शकतो. सोमवारी एका आईने मला डब्यात कपकेक आणून दिला. कोणी गेलं की घरी डबा पाठवतात ना, तसा.

वहिनींना काय सांगू?

---

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

१२ ते ७३? आमच्या हवामान खात्याचे अंदाज यापेक्षा नेमके असतात.

---

आकडेमोड्या

तिरकस, हसू नका, हाच खरा मुद्दा आहे. त्या न्यूयॉर्कच्या यादीत गणिताची सरासरी त्रुटी ३५ शतमानांकांची होती आणि इंग्रजीची ५३. म्हणजे मधोमध असलेले इंग्रजीचे मास्तर खरं तर बरेच खालीही असू शकतात आणि बरेच वरही.

पद्धत समजून घ्या. गेल्या वर्षी साधारण तेवढेच गुण असलेली राज्यातली सगळी मुलं घ्यायची. त्यांच्या तुलनेत तुमच्या वर्गातला बंड्या यंदा किती वर-खाली गेला ते बघायचं. वर्गातल्या सगळ्या बंड्यांची सरासरी म्हणजे तुमचा गुण. कल्पना वाईट नाही. नुसत्या निकालापेक्षा कितीतरी न्याय्य, कारण श्रीमंत वस्तीतल्या शिक्षकाला फुकटचं श्रेय मिळत नाही. घोडं अडतं ते संख्येवर. वर्गात मुलं २२. त्यातलं एखादं गैरहजर, एखादं वर्षाच्या मध्यात आलेलं, दोघांना परीक्षेच्या दिवशी ताप. सरासरी नाचायला एवढं पुरतं.

याचं मूळ टेनेसीत. विल्यम सँडर्स नावाचे संख्याशास्त्रज्ञ तिथल्या विद्यापीठात शेतकी विषयांत आकडेमोड करायचे, जनावरांच्या पैदाशीची वगैरे. तीच तंत्रं त्यांनी शाळांना लावली, आणि १९९२ मध्ये राज्याच्या कायद्यात ती पद्धत आली. गाईच्या दुधावरून वळूची पारख करता येते, कारण एका वळूच्या शेकडो लेकी असतात. मास्तरांना वर्षाला बावीसच.

अमेरिकेच्या संख्याशास्त्रीय संघटनेने २०१४ मध्ये लिहून दिलंय की मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी शिक्षकाच्या वाट्याला येतो तो १ ते १४ टक्के. बाकीचं घर, वस्ती, शाळा, आधीची वर्षं.

---

नेवार्ककर

दौतताई, राग मानू नका, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

आमचं घर नेवार्कमध्ये, न्यू जर्सीत. एडिसनला किंवा वेस्ट विंडसरला घर घ्यायची ऐपत नव्हती. आपले लोक चार्टरला नावं ठेवतात, आणि स्वतः काय करतात? चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर शोधतात, दीड पट पैसे मोजतात आणि वर 'आम्ही सरकारी शाळेवर विश्वास ठेवतो' म्हणतात. तुम्ही शाळा विकतच घेतलीत हो, पावती फक्त घराच्या नावाची.

माझा मुलगा चार्टरमध्ये आहे. सकाळी ७:२० ला दारात ओळ, गणवेश, बाई प्रत्येकाशी हस्तांदोलन करून आत घेतात. शिस्त अति आहे, मान्य. मोज्याचा रंग चुकला म्हणून मला मेसेज आलाय. पण तो दुसरीत वाचायला लागला. आमच्या हद्दीतल्या शाळेत शेजाऱ्यांचा मुलगा चौथीत अडखळतोय, आणि त्याच्या बाईंना विचारलं तर म्हणतात, "घरी लक्ष द्या."

त्या बाईंच्या नावापुढे एखादा आकडा असावा असं मला वाटलं तर काय चुकलं?

---

शाईची_दौत

नेवार्ककर, राग अजिबात नाही. त्या बाईंबद्दल तुम्हाला जे वाटतं तेच मलाही माझ्या शाळेतल्या दोघांबद्दल वाटतं. वाईट शिक्षक असतात. स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतात.

पण एवढा खटाटोप करून ते सापडले का, ते बघा. २०१२-१३ मध्ये शहर सोडून उर्वरित राज्यात पहिल्यांदा गुण लागले. नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षक वरच्या दोन श्रेणींत, 'अपरिणामकारक' फक्त १ टक्का. त्याच वर्षी नव्या, कठीण परीक्षेत जेमतेम ३१ टक्के मुलं पास. मग राज्यपाल कुओमो चिडले आणि २०१५ च्या अर्थसंकल्पातच नवा कायदा घुसवून परीक्षेचं वजन निम्म्यापर्यंत नेलं. त्या वसंतात राज्यातल्या साधारण पाचापैकी एका मुलाला पालकांनी परीक्षेलाच बसवलं नाही. डिसेंबरात स्थगिती. २०१९ मध्ये सक्ती गेली. २०२४ मध्ये तर मूल्यमापनाची पद्धत शालेय जिल्ह्यांनी आपली आपण ठरवावी असा कायदा झाला. थोडक्यात, जिथून निघालो तिथेच आलो, मधे चौदा वर्षं गेली.

आणि चार्टरचा करार शाळेशी असतो. आमचा शंभर गुणांचा कायदा होता जिल्ह्याच्या, म्हणजे नेहमीच्या सरकारी शाळांसाठी. तुमची चार्टर न्यूयॉर्कात असती तरी तुमच्या मुलाच्या बाईंपुढे तो आकडा कायद्याने नसता आला, फक्त त्यांचे मुख्याध्यापक त्यांना जूनमध्ये 'पुढच्या वर्षी येऊ नका' म्हणू शकतात.

---

नेवार्ककर

तेच तर हवंय ना! आकडा नको, मुख्याध्यापकाला अधिकार द्या.

---

शाईची_दौत

द्या. पण मग मुख्याध्यापक कोण, हेही विचारा. माझ्या एकोणीस वर्षांत पाच झाले. दोघांच्या हाती मी माझी नोकरी डोळे मिटून दिली असती. उरलेल्या तिघांबद्दल इथे लिहिणार नाही.

---

प्लेनोवाली

आम्ही टेक्ससमध्ये. ह्यूस्टनच्या खटल्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? तिथे शिक्षकांचे गुण एका खासगी कंपनीच्या गणितावरून यायचे, आणि ते गणित म्हणजे व्यापारी गुपित. शिक्षक म्हणाले, आम्हाला कमी गुण दिलेत, हिशोब दाखवा. उत्तर : दाखवता येत नाही. २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने शिक्षकांचा हा दावा फेटाळायला नकार दिला, की जो आकडा तपासायची सोयच नाही त्यावरून नोकरी घालवणं हा न्याय नव्हे. त्यानंतर जिल्ह्याने तडजोड केली.

फ्लोरिडाची तर तऱ्हाच वेगळी. २०११ च्या कायद्याने सगळ्याच शिक्षकांना गुण द्यायचे ठरले, पण परीक्षा काही मोजक्याच इयत्तांना. मग पहिलीच्या बाईंना गुण दिले दुसऱ्या शाळेतल्या चौथी-पाचवीच्या मुलांवरून! त्या वर्षी त्यांच्याच शाळेने त्यांना उत्कृष्ट शिक्षिका निवडलं होतं. कोर्टात गेल्या, २०१५ मध्ये अपिलातही हरल्या. न्यायालयाच्या मते अन्याय झाला असेल, पण घटनेचा भंग होत नाही.

---

आकडेमोड्या

आणि न्यूयॉर्कची लेडरमन केस. लाँग आयलंडच्या ग्रेट नेकमधल्या चौथीच्या शिक्षिका शेरी लेडरमन. एका वर्षी २० पैकी १४, पुढच्या वर्षी २० पैकी १. मुलांचे गुण दोन्ही वर्षी राज्याच्या सरासरीच्या बरेच वर. नवरा वकील, त्यानेच खटला लढवला. २०१६ मध्ये न्यायाधीशांनी तो १ गुण मनमानी ठरवून रद्द केला, आणि दौतताईंचं छताचं दुखणं निकालात आलंय : अगदी हुशार आणि अगदी कच्च्या मुलांच्या शिक्षकांवर हे मोजमाप अन्याय करू शकतं, शिवाय वर्ग छोटा.

प्रामाणिकपणासाठी उलट पुरावाही. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २५ लाख मुलांची माहिती घेऊन त्यांच्या मोठेपणीच्या मिळकतीशी जोडली. ज्यांना चौथी ते आठवीत जास्त मूल्यवर्धनाचे, म्हणजे मुलांचे गुण जास्त वाढवणारे, शिक्षक मिळाले ती मुलं पुढे जास्त कमावतात, कॉलेजात जास्त जातात. तळाच्या ५ टक्क्यांतल्या शिक्षकाऐवजी सरासरी शिक्षक दिला तर एका वर्गाची आयुष्यभराची कमाई अडीच लाख डॉलरने वाढते, असा त्यांचा हिशोब. म्हणजे आकड्यात तथ्य आहे. हजारो शिक्षकांचा एकत्र विचार केला तर तो बोलतो. एका बाईबद्दल, एका वर्षापुरता, पुटपुटतो.

---

गुर्जी_साताऱ्याचे

उसगावातल्या मंडळींना नमस्कार. तुमचं वाचून बरं वाटलं, दुःख वाटून घेतल्यासारखं.

आमच्याकडे २३ ऑक्टोबर २०१७ चा शासन निर्णय आठवा. बारा वर्षांनी मिळणारी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी मिळणारी निवड श्रेणी हवी असेल, तर तुमची शाळा 'शाळा सिद्धी' या सरकारी मूल्यांकनात अ श्रेणीत पाहिजे. माझी शाळा वस्तीवरची, दोन शिक्षकी. त्या मूल्यांकनात मैदान, पाणी, खोल्या, सगळंच येतं. कुंपणाची भिंत ग्रामपंचायतीने बांधायची, ती बांधली नाही म्हणून पगार माझा अडायचा! मोर्चे निघाले, नंतर अटी सैल झाल्या.

आणि गुणवत्ता मोजायला इतकी माहिती भरावी लागते की शिकवायचं कधी? आमचे एक सहकारी रेंज मिळावी म्हणून शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून 'सरल' या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरायचे. मुलं खालून ओरडायची, "गुर्जी, आला का टॉवर?"

---

तिरकस

ग्रामपंचायतीची भिंत आणि फ्लोरिडाची चौथी. सख्ख्या बहिणी.

---

मोडीवाचक

हे सगळं मुंबई इलाख्याने दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिलंय.

इंग्लंडात १८६२ पासून 'निकालावर पैसे' ही पद्धत आली. शाळेला अनुदान किती, ते तपासनीस येऊन प्रत्येक पोराला वाचन, लेखन, गणित विचारणार आणि पास झालेली डोकी मोजणार, त्यावर. रॉबर्ट लो यांनी संसदेत सांगितलं होतं की ही पद्धत स्वस्त नसली तर परिणामकारक असेल आणि परिणामकारक नसली तर स्वस्त तरी असेल. मॅथ्यू अर्नल्ड, कवी, स्वतः शाळातपासनीस होते आणि त्यांनी या पद्धतीवर सडकून टीका केली. आपल्या मुंबई इलाख्यानेही १८६० च्या दशकात खासगी शाळांच्या अनुदानाला हीच पद्धत लावली. १८८२ च्या हंटर आयोगापुढे तिच्यावर खल झाला, आणि पुढे कर्झनच्या काळात, १९०४ च्या धोरणाने, ती मोडीत निघाली.

दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी, येणार म्हटलं की गावात काय गडबड उडायची, ते आजोबांच्या पिढीकडून ऐकलं असेल. हुशार पोरं पुढे, कच्ची पोरं त्या दिवशी गुरं राखायला. माझ्या पणजोबांना असंच एकदा रानात धाडलं होतं, असं घरात सांगतात. ते पुढे तलाठी झाले. तेव्हा दिपोट्याने गमावला तो आमचा एक गुण.

---

बाराखडी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

नेवार्ककर

मोडीवाचक, कच्ची पोरं रानात हा आरोप चार्टरवरही होतो, मला ठाऊक आहे. सोडत सगळ्यांना खुली, पण त्रासदायक मुलाच्या आईला रोज दुपारी शाळेतून फोन यायला लागला की ती स्वतःच नाव काढते. आमच्या ओळखीत एक असं कुटुंब आहे. शाळेने काढलं नाही, पण राहूही दिलं नाही.

तरीही मी माझ्या मुलाला तिथेच ठेवणार. कायदा सुधारेपर्यंत तो दाढी करायला लागेल.

---

आकडेमोड्या

हे पटलं. चार्टरच्या निकालाबद्दलही सरसकट बोलण्यात अर्थ नाही. स्टॅनफर्डच्या २००९ च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर सरस, ३७ टक्के वाईट, बाकीच्यांत फरक नाही. त्याच मंडळींच्या २०२३ च्या अभ्यासात चार्टर थोड्या पुढे गेल्या आहेत, शहरी गरीब मुलांसाठी जास्तच. तेव्हा 'चार्टर चांगली का?' हा प्रश्न 'हॉटेलचं जेवण चांगलं का?' असा आहे. कुठलं हॉटेल?

---

शाईची_दौत

सगळ्यांचे आभार. वहिनींना शेवटी एवढंच म्हटलं की सोडतीत नाव टाका, फुकट आहे. पण दोन्ही शाळांत जाऊन विचारा : गेल्या वर्षीचे किती शिक्षक यंदा परत आले, आणि दुसरीत जेवढी मुलं होती त्यातली पाचवीत किती उरली? जाहिरातीच्या कागदावर हे दोन आकडे छापत नाहीत.

---

शाईची_दौत

धागा वर काढतेय, अपडेट द्यायला. सोडतीत वहिनींच्या लेकीचा प्रतीक्षायादीत १४१ वा नंबर. नेवार्ककर, तुमच्यासारखं नशीब सगळ्यांचं नसतं.

त्या हद्दीतल्या शाळेत जाऊन आल्या. तिथे एकाच इमारतीत दोन शाळा आहेत, तिसऱ्या मजल्यावर चार्टर. डावा जिना यांचा, उजवा त्यांचा, आणि जेवणघराच्या वेळा वाटून घेतलेल्या. खालच्या शाळेची छोटी मुलं सकाळी साडेदहाला जेवतात. वहिनींना ते काही झेपलं नाही. पण किंडरगार्टनच्या बाई तिथे अकरा वर्षं आहेत, आणि लेक त्यांच्या खोलीतल्या कासवापाशी बसली ती उठेना. नाव घातलं.

---

तिरकस

छान. त्या बाईंना वीसपैकी किती?

---

शाईची_दौत

किंडरगार्टनला राज्याची परीक्षा नसते हो. कासवालाही नसते.